खेळाडूचा आवस्थिक काळ : कालविभाजित सरावाची आखणी आणि वैद्याची भूमिका

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडेही खेळाडू रुग्ण म्हणून येऊ लागले आहेत. पोलीस भरतीसाठी धावणारी मुले, शाळा-महाविद्यालयांतील कबड्डीपटू, तालमीतील पैलवान, रस्त्यावरील लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरणारे नोकरदार, असे नाना प्रकारचे लोक त्यांत असतात. त्यांच्या तक्रारी बहुधा साध्या असतात. पोटरी धरते, भूक मंदावली आहे, झोप लागत नाही, तोंड येते. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, प्रकृती ठरवतो, ऋतूचा विचार करतो आणि औषध लिहून देतो. मात्र, "तुझा सराव सध्या कोणत्या टप्प्यात आहे?" हा प्रश्न आपल्यापैकी फार थोडे जण विचारतात.

हा प्रश्न आम्हीही विचारत नव्हतो. तो न विचारल्यामुळे आमच्या हातून जी चूक घडली, तिच्यापासूनच या विषयाचा आमचा अभ्यास सुरू झाला. म्हणून आरंभी ती चूकच वाचकांपुढे ठेवतो.

घडले ते असे

काही वर्षांपूर्वी आश्विन महिन्यात पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी एक धाविका आमच्याकडे आली. १५०० आणि ५००० मीटर हे तिचे प्रकार. तोंडात व्रण, छातीत जळजळ, हातापायांचा दाह, रात्री दोन-दोन तास झोप नाही, घरच्यांवर चिडचिड, अशी लक्षणे होती. पित्तप्रकृती, शरद ऋतू आणि पित्तप्रकोपाची ही लक्षणे. निदानाला फारसा विचार करावा लागला नाही. शरदात विरेचन हा तर आपला पाठच आहे. आम्ही शास्त्रोक्त क्रम आखला. तीन दिवस दीपन-पाचन, पाच दिवस स्नेहपान, तीन दिवस अभ्यंग-स्वेद, विरेचन आणि त्यानंतर सात दिवसांचा संसर्जनक्रम. या एकोणीस दिवसांत धावणे बंद, हे आम्ही निक्षून सांगितले. मुलगी आज्ञाधारक होती. तिने एकही पथ्य मोडले नाही.

विरेचन उत्तम झाले. व्रण गेले, दाह शमला, झोप लागू लागली. आम्ही समाधानी होतो. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली आणि १५०० मीटरमध्ये ती आदल्या वर्षीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा अकरा सेकंदांनी मागे राहिली. विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली नाही. त्या संघातून खेळल्याचे प्रमाणपत्र तिला नोकरीच्या अर्जासाठी हवे होते.

आठवडाभराने तिचे प्रशिक्षक दवाखान्यात आले. भांडायला आले असावेत असे आम्हाला वाटले, परंतु त्यांनी पिशवीतून एक लांब वही काढली. वर्षाचे बावन्न आठवडे त्या वहीत आडव्या रेघांनी मांडलेले होते. ती आमच्याकडे आली त्या आठवड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "वैद्यराज, तुम्ही दिलेलं औषध चूक की बरोबर, हे मला कळत नाही. पण हा चढत्या भाराचा तिसरा आठवडा होता. या आठवड्यात असं होतंच. पुढचा आठवडा हलकाच ठेवला होता."

मग त्यांनी त्यापुढील तीन चौकोनांवर बोट फिरवले. पहिला चौकोन हलक्या आठवड्याचा होता आणि त्यानंतर वेगाच्या सरावाचे आठवडे सुरू होत होते. नेमके तेच दिवस आमच्या स्नेहपानात आणि संसर्जनात गेले होते. तिने प्रशिक्षकांना विचारले नव्हते का? विचारले होते. "डॉक्टरांनी सांगितलंय तर तसंच कर," असे ते म्हणाले होते. आमच्या पदवीचा त्यांनी मान राखला होता. त्यांच्या वहीचा मान मात्र आम्ही राखला नव्हता, कारण अशी वही असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

कालविभाजन म्हणजे काय?

क्रीडाशास्त्रात ज्याला पीरियडायझेशन म्हणतात, त्याला आपण कालविभाजित सराव म्हणू. वर्षभर रोज सारखाच सराव केला तर शरीर त्याला सरावते आणि प्रगती थांबते. रोज वाढता सराव केला तर शरीर मोडते. म्हणून मुख्य स्पर्धेची तारीख प्रथम निश्चित करून तिच्यापासून मागे मोजत वर्षाचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यात सरावाचे प्रमाण, तीव्रता व विश्रांती यांचे गणित बदलत न्यायचे, हा या पद्धतीचा गाभा होय.

ही कल्पना तशी जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रेटस या ग्रीक लेखकाने व्यायामशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथात चार दिवसांच्या चक्राचे वर्णन आहे. पहिला दिवस तयारीचा, दुसरा कमाल श्रमाचा, तिसरा शिथिलतेचा आणि चौथा मध्यम श्रमाचा. त्याच ग्रंथात गेरेनोस नावाच्या ऑलिंपिकविजेत्या मल्लाची कथा येते. विजयानंतर मेजवान्या आणि मद्यपान झाल्याने त्याची प्रकृती बिघडली होती, अन्न पचले नव्हते. तरीही गुरूने चक्रानुसार ठरलेला व्यायाम त्याच्याकडून करवूनच घेतला आणि त्या व्यायामातच मल्लाला मृत्यू आला. चक्र आखणे आवश्यक आहे, पण त्या दिवशीच्या माणसाकडे न पाहता ते चालवणे घातक आहे, हा धडा इतका जुना आहे.

आधुनिक मांडणीचा पाया हान्स सेल्ये यांच्या कार्याने घातला गेला. शरीरावर कोणताही ताण आला की प्रथम धक्का, नंतर प्रतिकार आणि ताण हटलाच नाही तर अखेरीस थकवा, अशा तीन अवस्थांचे वर्णन त्यांनी १९३६ पासून केले. क्रीडाशास्त्रज्ञांनी ते सरावाला लावले. श्रमानंतर क्षमता तात्पुरती खाली जाते, पुरेशा विश्रांतीनंतर ती मूळ पातळीच्या किंचित वर येते आणि त्या वेळी पुढचा भार दिला तर पायरीपायरीने प्रगती होते. विश्रांतीपूर्वीच भार दिला तर पायऱ्या खाली उतरू लागतात. सोव्हिएत रशियात लेव मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात वर्षाचे पूर्वतयारी, स्पर्धा आणि संक्रमण असे तीन काल सांगितले. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड यांनी ग्रंथांपेक्षा स्वतःच्या पायांवर प्रयोग करून जवळपास तशीच रचना उभी केली. आधी कित्येक आठवडे संथ, लांब धावणे, मग टेकड्या आणि शेवटी वेग. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल यांनी ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरमध्ये, एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली. ८०० मीटर धावणाऱ्याला आठवड्याला शंभर मैल पळवणारा हा गुरू तोवर अनेकांना विक्षिप्त वाटत होता.

प्रशिक्षकांच्या वहीत तीन आकारांची चक्रे असतात. पूर्ण हंगामाचे ते महाचक्र, तीन ते सहा आठवड्यांचे ते मध्यचक्र आणि एका आठवड्याचे ते सूक्ष्मचक्र. मध्यचक्रात पुष्कळदा तीन आठवडे भार चढता आणि चौथा उतरता असतो. आमच्या धाविकेचे आकडे असे होते : पहिल्या आठवड्यात ५० किलोमीटर, दुसऱ्यात ५६, तिसऱ्यात ६२ आणि चौथ्यात ४२. तिसऱ्या आठवड्यातील थकवा हा आखणीचाच भाग असतो, तर चौथ्या आठवड्यातील विश्रांती हे त्या थकव्याचे औषध असते.

या पद्धतीवर टीकाही झाली आहे, ती वाचकांना माहीत असावी. वर्षभराच्या आखणीची तुलना करणारे दीर्घकालीन अभ्यास थोडे आहेत. बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचे आणि शक्तिव्यायामाचे आहेत. एकाच भाराला दोन शरीरे भिन्न प्रतिसाद देतात, ही गोष्ट तक्त्यात मावत नाही. म्हणून आता आखणीबरोबर रोजच्या निरीक्षणावर भर दिला जातो. वैद्याचा प्रवेश होतो तो नेमका याच ठिकाणी.

बलार्ध आणि साहस

आधुनिक शास्त्रातील प्रत्येक नवी गोष्ट आपल्या ग्रंथांत होतीच, असे सांगण्याचा मोह या विषयातही होतो. आम्हालाही झाला. तो टाळणे बरे. वाग्भटांनी दिनचर्येत आणि सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितलेला अर्धशक्ती व्यायाम हा स्वस्थ माणसाच्या आरोग्यासाठी आहे. स्पर्धा जिंकणे हे त्याचे प्रयोजन नाही. खेळाडू काही दिवस जाणूनबुजून अर्धशक्तीची मर्यादा ओलांडतो. ती ओलांडल्याशिवाय त्याची प्रगतीच होत नाही. ज्या अतिव्यायामाला ग्रंथांनी तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर आणि छर्दी यांचे कारण म्हटले आहे, त्याच्या उंबरठ्यापर्यंत तो ठरवून जातो आणि परत येतो. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची जी उपमा वाग्भटांनी साहसासाठी योजली आहे, तीच खेळाडूला लागू पडते. फरक एवढाच की या सिंहाला मागे फिरण्याची तारीख आधीच ठरवून दिलेली असते.

तरीही ग्रंथांतील दोन गोष्टी येथे थेट उपयोगी पडतात. पहिली, बलार्धाचे लक्षण. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला की अर्धे बल खर्च झाले, ही सुश्रुतांची खूण आहे. आजचे प्रशिक्षक संथ धावण्याची मर्यादा ठरवण्यासाठी "धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येते का" असे विचारतात. दोन्ही कसोट्या एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही, पण यंत्राविना श्वासावरून श्रम मोजण्याची रीत दोन्हींत समान आहे. सहनशक्तीच्या खेळांतील अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास स्टीफन सायलर यांनी केला. त्यात सुमारे ८० टक्के सराव अशा संथ गतीचा आढळला. म्हणजे साहस करणाऱ्याचाही बहुतेक काळ संयमातच जातो. आपल्याकडील उत्साही मुले मात्र रोजच मध्यम-जोराने धावतात. त्यांची विश्रांती पुरती होत नाही आणि वेगही पुरता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चरकांचा पादांशिक क्रम. अहिताचा त्याग आणि हिताचा स्वीकार टप्प्याटप्प्याने, मध्ये अंतर ठेवून करावा, हे सूत्र भार वाढवण्यालाही लागू पडते. सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात जुन्या अंतरावर जाणाऱ्या मुलांच्या नडग्या आणि पोटऱ्या हेच सूत्र आपल्याला रोज शिकवत असतात.

दोन पंचांगे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात काळ दोन प्रकारचा सांगितला आहे. नित्यग काळ ऋतुसात्म्याची अपेक्षा करतो, तर आवस्थिक काळ विकाराच्या अवस्थेची. परीक्षेत हे उत्तर आपण सर्वांनी लिहिले आहे. आमची चूक ही की धाविकेच्या बाबतीत आम्ही केवळ नित्यग काळ पाहिला. शरद ऋतू दिसला. तिच्या शरीराची अवस्था ज्या दुसऱ्या पंचांगाने घडवली होती, ते पंचांग आम्ही उघडलेच नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : सरावाचा टप्पा हाच खेळाडूचा आवस्थिक काळ होय. तो जाणून घेतल्याशिवाय खेळाडूला शोधन देऊ नये. किंबहुना लक्षणांचा अर्थही लावू नये.

तेच तोंड येणे, तीच चिडचिड आणि तीच निद्रानाशाची तक्रार वेगवेगळ्या टप्प्यांत वेगवेगळा अर्थ सांगते. चढत्या भाराच्या तिसऱ्या आठवड्यात ती अपेक्षित असते आणि हलक्या आठवड्यात विरते. हलका आठवडा उलटूनही ती कायम राहिली आणि वेळाही घसरू लागल्या, तर सावध व्हावे. ती महिनोन्महिने टिकली, तर क्रीडावैद्यक ज्याला अतिसरावाचा विकार म्हणते त्याची शंका घ्यावी लागते. त्यातून बाहेर पडायला कित्येक महिने लागतात आणि हंगामच नव्हे, कधी कधी खेळही सुटतो. ऋतू तिन्ही वेळी शरदच असू शकतो!

दोन्ही पंचांगे शेजारी ठेवली की आणखी काही गोष्टी स्पष्ट होतात. महाविद्यालयीन मैदानी खेळाडूंची पूर्वतयारी आपल्याकडे जून-जुलैत सुरू होते. हा वर्षा ऋतू, म्हणजे बल अल्प आणि अग्नी मंद. मुख्य स्पर्धा बहुधा हिवाळ्यात येतात, तेव्हा विसर्गकालाच्या शेवटी बल श्रेष्ठ असते. ही जुळणी सोयीची आहे. मात्र पावसाळ्यातील पायाभरणीच्या दिवसांत किलोमीटर वाढतात आणि अग्नी घटतो. अजीर्ण असताना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. म्हणून या टप्प्यात किती धावलास यापेक्षा कालचे जेवण पचले का, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

टप्प्यानुसार वैद्याचे काम

प्रशिक्षकांशी झालेल्या चर्चेनंतर आम्ही पुढील क्रम पाळू लागलो.

पूर्वतयारीच्या काळात अग्निरक्षण, नित्य अभ्यंग, स्निग्ध व पुरेसा आहार आणि झोप यांकडे लक्ष द्यावे. आहार पुरेसा असणे फार महत्त्वाचे आहे. श्रम वाढले आणि आहार तेवढाच राहिला, तर मुलींमध्ये रजःप्रवृत्ती लांबते किंवा थांबते. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या ऊर्जान्यूनतेच्या अवस्थेकडे लक्ष वेधले. तिच्यामुळे हाडेही दुर्बल होतात आणि पुरुष खेळाडूही तिच्यातून सुटत नाहीत. अशा मुलीला आर्तवप्रवर्तक औषध लिहून देणे म्हणजे रिकाम्या चुलीवर फुंकर घालणे. आधी ताटात भर घालावी आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी.

हलक्या आठवड्यात अभ्यंग-स्वेद करावे. वातप्रधान तक्रारींत मात्राबस्तीचा विचारही येथेच करावा, कारण तिला परिहाराचे बंधन नाही आणि सराव मोडत नाही.

स्पर्धापूर्व काळ हा वैद्याने हात आवरण्याचा काळ आहे. स्पर्धेपूर्वीच्या सुमारे दोन आठवड्यांत प्रशिक्षक सरावाचे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी घटवतात, पण तीव्रता कायम ठेवतात. त्यामुळे साचलेला थकवा उतरतो आणि कमावलेली क्षमता वर येते. यातून साधारण २ ते ३ टक्के कामगिरी सुधारते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. पाच मिनिटांच्या शर्यतीत २ टक्के म्हणजे सहा सेकंद. निवड होणे आणि न होणे यांत बहुधा एवढेच अंतर असते. या काळात नवे औषध, नवा काढा किंवा नवे पथ्य काहीच नको. सराव घटल्यामुळे "अंग जड वाटतं" अशी तक्रार घेऊन खेळाडू हमखास येतो. त्याला धीर द्यावा आणि परत पाठवावे.

संक्रमणकाल म्हणजे मुख्य स्पर्धेनंतरचे दोन ते चार आठवडे. शोधनाची खरी जागा ही. शोधन आणि त्यानंतरचा परिहारकाल यांना जो अवधी लागतो, तो याच काळात मिळतो. सराव पूर्ण थांबला तर दोन-तीन आठवड्यांतच प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता घटू लागते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. संक्रमणकालात ही घट आखणीतच धरलेली असते. इतर वेळी ती खेळाडूच्या खिशातून जाते. विकारच आत्ययिक असेल तर अर्थात ही सारी गणिते बाजूला ठेवून चिकित्सा करावी. त्याबद्दल दुमत नाही. आमच्या धाविकेचा विकार तसा नव्हता.

वहीतील चार रकाने

पुढील वर्षी तीच मुलगी पदव्युत्तर वर्गात होती. प्रशिक्षकांनी तिला पुन्हा आमच्याकडे पाठवले, हा त्यांचा मोठेपणा. या वेळी आम्ही औषध न देता तिला एक लहान वही दिली. तिच्यात रोज चार गोष्टी लिहायच्या होत्या : सकाळी उठण्यापूर्वीची नाडीची गती, झोप, भूक आणि सरावाचा भार.

भार मोजण्याची कार्ल फॉस्टर यांची रीत इतकी सोपी आहे की कोणत्याही दवाखान्यात ती वापरता येईल. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारावे, "शून्य ते दहा या मापात आजचा सराव किती कठीण गेला?" त्या अंकाला सरावाच्या मिनिटांनी गुणावे. चाळीस मिनिटे संथ धावणे, काठिण्य ३, तर भार १२०. साठ मिनिटे वेगाचा सराव, काठिण्य ८, तर भार ४८०. आठवड्याची बेरीज केली की चढउतार डोळ्यांना दिसतो. रोजचा आकडा सारखाच असेल तर तीही धोक्याची खूण समजावी.

भाद्रपदात एकदा तिच्या नोंदींत फरक पडला. तेच चाळीस मिनिटांचे संथ धावणे आधी ३ वाटत होते, ते सलग तीन दिवस ६ वाटू लागले. सकाळची नाडी ५४ वरून ६२ वर गेली. भूक मंदावली. आम्ही प्रशिक्षकांना दूरध्वनी केला. त्यांनी हलका आठवडा पाच दिवस अलीकडे ओढला. आम्ही सुंठीचे पाणी, मुगाचे कढण आणि रात्री पादाभ्यंग एवढेच सांगितले. सहाव्या दिवशी नाडी ५५ होती. विरेचनाची आठवण त्या वेळी आमच्या मनात आली नाही असे नाही. ते आम्ही स्पर्धेनंतरच्या संक्रमणकालासाठी राखून ठेवले आणि तेव्हा त्याची गरजच उरली नाही.

त्या वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. पदक मिळाले नाही, परंतु स्वतःची सर्वोत्तम वेळ तिने सात सेकंदांनी सुधारली. याचे श्रेय तिच्या कष्टांना आणि प्रशिक्षकांच्या वहीला आहे. आमचा वाटा एवढाच की आम्ही योग्य वेळी हात आवरला.

औषधविक्रेते आणि औषधनिर्माते बंधूंसाठी

स्पर्धापूर्व काळात खेळाडू वैद्याकडे येतो, त्याहून अधिक वेळा तो थेट दुकानात येतो. "ताकद वाढवायला काहीतरी द्या," असे म्हणतो. येथे आपली जबाबदारी मोठी आहे. उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. औषध आयुर्वेदिक होते किंवा दुकानदाराने दिले, या सबबीने तो निर्दोष ठरत नाही. आपल्या देशात २०२२ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदाही झाला आहे.

काही द्रव्ये प्रत्येकाने लक्षात ठेवावीत. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ६९ किलो गटातील किर्गिझ भारोत्तोलक इज्जत अर्तिकोव याचे कांस्यपदक याच द्रव्यामुळे गेले. अग्नितुंडी वटी आणि विषतिंदुक वटी आपण अग्निमांद्यात व कटिशूलात सहज देतो. कुचल्याचे शोधन केल्याने स्ट्रिक्निन घटते, नाहीसे होत नाही. म्हणून दिवस मोजून ते देण्याचा धोकाही पत्करू नये. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला कुचल्याचे कल्प देऊच नयेत, हे उत्तम. सोमलतेतील इफेड्रिन आणि भांगेचे कल्प यांनाही हाच नियम लावावा.

गुळवेलीबाबतही सावधगिरी हवी. आपली गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याशी साम्य असलेल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीत हायजेनामाइन आढळते आणि ते २०१७ पासून निषिद्ध यादीत नावानिशी असून सर्वकाळ निषिद्ध आहे. या दोन वेलींतील भेद आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये स्पष्ट केला आहे. कच्चा माल घेताना वेल ओळखून घेणे ही येथे गुणवत्तेची बाब तर आहेच, शिवाय त्यावर एखाद्या मुलाचे भवितव्य अवलंबून असते. अश्वगंधा आणि शतावरी ही द्रव्ये स्वतः निषिद्ध यादीत नाहीत, परंतु अनोळखी कंपनीच्या बलवर्धक डब्यात आणखी काय मिसळले आहे हे आवरणावर लिहिलेले नसते. २०११ मध्ये भारतीय महिला रिले धावपटूंच्या तपासणीत स्टेरॉइड सापडले. प्रशिक्षकाने आणलेल्या जिनसेंगच्या पूरकातून ते आल्याचे त्यांचे म्हणणे होते. तरीही २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्यांच्यावरील बंदी दोन वर्षांची केली. म्हणून दुकानात आलेल्या खेळाडूला प्रथम विचारावे, "स्पर्धा कधी आहे?" आणि खात्री नसेल तर औषध देऊ नये.

समारोप

वैद्यबंधू-भगिनींनो, कालविभाजित सरावाची आखणी करणे हे आपले काम नाही. ते प्रशिक्षकांचे आहे आणि त्यांचेच राहावे. पण ती आखणी वाचता येणे हे मात्र आपले काम आहे. नाडी वाचायला शिकण्यास आपल्याला वर्षे लागली. ही वही वाचायला एक संध्याकाळ पुरते. आपल्या गावातील क्रीडाशिक्षकाला, तालमीच्या वस्तादाला किंवा धावण्याचे वर्ग घेणाऱ्या माजी खेळाडूला एकदा दवाखान्यात चहाला बोलवावे आणि त्याच्याकडून ती समजून घ्यावी. आम्ही ती उशिरा वाचली आणि त्याची किंमत एका मुलीने एक वर्ष देऊन चुकवली.

आता आमच्या केसपेपरवर प्रकृती, अग्नी, कोष्ठ आणि ऋतू यांच्याखाली आणखी एक ओळ छापलेली आहे : सरावाचा टप्पा. खेळाडू समोर बसला की ती ओळ भरल्याशिवाय आम्ही औषध लिहीत नाही.